गाडी दाराशी उभी आहे

टोकावडे, तालुका मुरबाड
ता. १६ डिसेंबर १९३५

थोरल्या बाईंना धाकटीचा नमस्कार. घ्यायचा तर घ्या, नायतर परत पाठवा.

इतक्या वर्षांत मी तुमाला कधी लिहिलं नाय. आधी लिहिताच येत नव्हतं. माझी देवकी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या पाटीवर मी गिरवलं. आणि लिहिता आलं तरी सवतीला काय लिहायचं?

आता लिहावं लागलं. आमच्या घरी शहापूरहून कागद आलाय. तुमी मार्चात नोकरीतून मोकळ्या होणार, मुलींच्या शाळेत तुमच्या निरोपाची पानसुपारी, आणि अध्यक्ष कोण, तर आमचे घरचे. बोर्डाच्या शाळा कमिटीवर आहेत म्हणून. हे भाषण करणार, तुमाला शाल देणार. कागद वाचून ओटीवर मिशीला पीळ देत बसलेले. मला बोलले, "तुझ्या थोरलीबद्दल दोन शब्द बोलायचे हायत मला."

बाई, तुमीच बोलावलंत ना? शहापुरात दुसरा अध्यक्ष मिळत नव्हता का? मामलेदार हाय, वकील हायत. ज्यानं टाकलं त्याच्याच हातची शाल घ्यायचा सोस तुमाला आता सुचला. तिकडं राहून पोरी शिकवल्यात, मान कमावलात, आमी कधी काय बोललो नाय. आता उतारवयात माझ्या संसारात पाय घालू नका. कमिटीला कळवा, हे अध्यक्ष नकोत म्हणून.

सरस्वती

•

शहापूर
ता. २१ डिसेंबर १९३५

सरस्वतीस,

पत्र पोचलं. धाकट्यांना आशीर्वाद लिहिण्याची रीत आहे, ती मी गाळली आहे. तुझ्या पत्रात शुद्धलेखनाच्या चुका पुष्कळ आहेत. त्याहून मोठी चूक अशी, की मी कुणाला बोलावलं असं तुला वाटतं.

मला कुणी विचारलेलं नाही. कमिटीनं ठरवलं, पत्रिका छापायला दिली, आणि मग माझ्या सहशिक्षिका भागीरथीबाई धावत येऊन म्हणाल्या, "बाई, केवढा योग." मी म्हटलं, योग ग्रहणाचाही असतो. त्यांना कळलं नाही.

'टाकलं' हा शब्द तू सहज लिहिलास, म्हणून तुला सांगते ते कसं झालं. मला कुणी भांडून हाकललं नाही. संक्रांतीला माहेरी जाऊन ये म्हणून गाडीत बसवलं. पंधरवड्यानं आणायला येतो म्हणाले. मी रोज वडिलांच्या ओट्यावर बसून वाट पाहत असे. त्या बैलांच्या घुंगरांचा आवाज मला दुरून ओळखता यायचा. शिमगा आला तेव्हा कासारीण बांगड्या भरायला आली. ती म्हणाली, टोकावड्याला देसल्यांकडे नवी सून आली, तिला हिरवा चुडा मीच भरला. ती नवी सून तू. माझ्या वडिलांनी हे आतून ऐकलं आणि म्हणाले, "तारा, ओट्यावर बसू नको आता, आत ये." ते इथले मास्तर. लोकांनी नावं ठेवली तरी त्यांनी मला पुण्याला ट्रेनिंग कॉलेजात नेऊन घातलं.

तुझ्या यजमानांना भाषण करायचं असेल तर करू देत. मी खुर्चीवर बसेन, शाल घेईन, माझ्या घरी जाईन. कमिटीला मी काही कळवणार नाही. तुझ्यासाठी मी एकदा घरातली जागा रिकामी केली, तेवढं पुरे आहे.

ताराबाई

•

टोकावडे
ता. १८ जानेवारी १९३६

थोरल्या बाईंना,

'तुझे यजमान' लिहिता. मग तुमचे कोण? कपाळाला कुंकू कुणाच्या नावाचं लावता?

ऐका आता. म्हशाच्या जत्रेला आमी गेलतो. बैलबाजारात राघो विशे भेटला. तो यंदा बोर्डाच्या निवडणुकीत यांच्यासमोर उभा राहतोय. चार गावच्या माणसांदेखत यांना बोलला, "देसलेशेट, दावणीची गाय तुमी हाकलून दिलीत, तुमच्या हाती तालुका कसा देयाचा?" लोक हसले. यांचं तोंड एवढंसं झालं. जत्रेतून हलायच्या आधीच हे सांगत सुटले, की थोरलीला मीच पुण्याला शिकायला धाडली, माझ्याच पाठबळावर ती हेडमास्तरीण झाली, आता तिची नोकरी सरली की मी तिला मानानं घरी आणणार. चार लोकांना सांगितल्यावर यांना ते खरंच वाटायला लागलं. हे असेच हायत.

घरी आलो तशी ओटीच्या बाजूची खोली रिकामी करायला लावली. कमळू गड्यानं आतून पांढरा चुना मारला, खिडकीला नव्या झडपा बसवल्या. गाडीला नवं छप्पर झालंय. भाषणाच्या शेवटी हे सांगणार हायत, गाडी दाराशी उभी हाय, आमी आमची लक्ष्मी न्यायला आलो. सगळ्यांदेखत. आरशापुढं उभं राहून घोकतात, मी ऐकलंय.

त्या खोलीचंही सांगते. मी या घरात आल्यापासून चुलीपुढं निजते. बाळंतपणाला ती खोली मागितली तर बोलले, मग भात कुठं ठेवू? माझी चारही बाळंतपणं गोठ्याच्या पडवीत झाली. आता सगळं भात माळ्यावर गेलं. तुमच्यासाठी जागा झाली.

तर बाई, येऊ नका. आलात तर माझ्या हातचं पाणी मिळायचं नाय. मी भांडकुदळ बाई हाय, आमच्या आळीत कुणालाही विचारा. इथं माझ्या सुना हायत, नातवंडं हायत. तुमाला मूल ना बाळ, तुमाला संसारातलं काय कळणार.

सरस्वती

•

शहापूर
ता. २४ जानेवारी १९३६

सरस्वतीस,

मला मूल नाही ही गोष्ट तू मला नव्यानं कळवायला नको होतीस. ज्या दिवशी ती कळली त्याच दिवशी मला गाडीत बसवण्याचं ठरलं होतं.

मी येतच नव्हते. इथं माझं घर आहे. वडिलांचं, कौलारू, परसात शेवगा आणि विहिरीवर एक हातरहाट. सकाळी उठून मी चहा करते आणि तो ऊन असतानाच पिते. मला कुणी ऊठ म्हणत नाही, बस म्हणत नाही, कुठे गेली होतीस म्हणून विचारत नाही. नोकरी संपल्यावर एवढंच माझ्याजवळ राहणार आहे, आणि तुझ्या यजमानांना नेमकं तेच हवं आहे.

तू म्हणतेस येऊ नका. फास कसा घातलाय ते तुझ्या लक्षात आलेलं नाही. सभा भरलेली असणार. मामलेदारीणबाई पुढे बसणार, मुलींचे आईबाप बसणार. नवरा मानानं न्यायला आलाय म्हटल्यावर भल्या घरची बाई नाही म्हणते का? मी नाही म्हटलं तर दुसऱ्या दिवशी आया म्हणतील, बघा, बाई शिकली की भर सभेत नवऱ्याला झिडकारते, आपल्या पोरी नकोत त्या शाळेत. या शाळेसाठी मी दारोदार फिरून एकेक मुलगी मागून आणलेली आहे. हो म्हटलं तर घर गेलं, नाही म्हटलं तर शाळा गेली.

आणि म्हणायचं तरी कसं? पत्रिकेत शेवटी माझं उत्तराचं भाषण आहे. त्यात अध्यक्षांचं नाव घेऊन आभार मानायचे असतात. ते नाव मी जन्मात उच्चारलेलं नाही. पुण्याला कॉलेजात नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा वडिलांनी सांगितलं. हळदीकुंकवाला बायका उखाण्यासाठी मागे लागतात तेव्हा मी तिळगूळ वाटायला उठते. त्या दिवशी मी नुसतं 'अध्यक्षमहाराज' म्हटलं आणि पदर सारखा केला, की सभा कौतुकानं हसेल. तेवढ्यावरच मी गाडीत बसल्यासारखी होईन.

तूच सांग त्यांना. इतकी वर्षं त्या घरात राज्य केलंस. माझ्यापुढे जे तोंड चालवतेस ते तिथे चालव.

ताराबाई

•

टोकावडे
ता. ४ फेब्रुवारी १९३६

थोरल्या बाईंना,

राज्य म्हणालात. बरं.

मी सांगितलं यांना. जेवायला वाढताना सांगितलं, थोरली यायची नाय, उगाच चार लोकांत हसं होईल. यांनी आमटीची वाटी माझ्या हातावर उलटी केली. आमटी ऊन व्हती. बोटांना फोड आलेत म्हणून अक्षर वाकडं आलंय, ते तपासत बसू नका.

माझं राज्य असं हाय. तुमचा चहा ऊन पिऊन झाला असेल तर पुढचं वाचा.

समारंभाला मलापण नेणार हायत. नवं लुगडं आणलंय, हिरवं. येताना एका बाजूला तुमी, एका बाजूला मी, असं मुरबाडच्या बाजारातून गाडी हाकणार, म्हणजे राघो विशेचं तोंड बंद. मी पुढच्याच रांगेत बसणार. तुमी गाडीत चढलात तर मी उतरीन. अनवाणी टोकावड्यापर्यंत चालत जाईन आणि वाटेत भेटेल त्याला सांगीन की त्या शिकलेल्या बाईनं मला गाडीतून उतरवलं.

एवढ्या शिकलात आणि माझ्यासारखीला सांगता, तू बोल. मग पुण्याला जाऊन काय शिकलात?

सरस्वती

•

शहापूर
ता. २६ फेब्रुवारी १९३६

सरस्वतीस,

तुझ्या पत्राला उत्तर द्यायला उशीर झाला.

पुढेच बस. मागे नीट ऐकू येत नाही. फोडांना खोबरेल लाव.

ताराबाई

•

टोकावडे
ता. ८ मार्च १९३६

थोरल्या बाईंना,

त्या दिवशी तुमी बोललात, बसलात, आणि मान खाली घालून हारातली फुलं कुस्करत राहिलात. तुमाला काय दिसलं नाय. मी समोर व्हते, मी सगळं बघितलं. शहापूरचे लोक तुमाला गोड गोड सांगतील, म्हणून मी सांगते.

यांचं भाषण चांगलं झालं, खोटं कशाला बोलू. "आमच्या घरचा दिवा आम्ही शहापूरला उसना दिला होता, आता तो घरी नेऊन लावणार." मामलेदारीण माझ्या शेजारी बसून डोळे पुसत व्हती. मला बोलली, "भाग्यवान आहात हो दोघी." मी बोलले, "तर काय." माझा हात पदराखाली व्हता. मग हे बोलले, गाडी दाराशी उभी आहे, आणि टाळ्या संपता संपेनात. मागच्या बायका ओरडायला लागल्या, नाव घ्या, बाई, आज तरी नाव घ्या. हे हसत खुर्चीला टेकून बसले. आता फक्त तुमी लाजायचं बाकी व्हतं.

तुमी उठलात. पदर सारखा केलात. मी मनात बोलले, गेली ही.

आणि तुमी बोललात, "आजचे अध्यक्ष श्रीयुत सावळाराम देवराम देसले." हे मी तुमचं बोलणं उतरवतेय, माझ्या तोंडचं नाय. शाळेत हजेरी घेतात तसं घेतलंत. अडखळला नायत, लाजला नायत, उखाणा नाय की काय नाय. "हे आपली कामं सोडून इतक्या लांबून आले, त्याबद्दल शाळेतर्फे मी त्यांचे आभार मानते. त्यांची गाडी दाराशी उभी आहे. त्यांना अंधार पडायच्या आत सरळगावला मुक्कामी पोचायचं आहे. तरी अध्यक्षांना पानसुपारी आधी द्यावी." आणि मग पोरींच्या शाळेबद्दल काय ते बोलत राहिलात, ते माझ्या डोक्यात शिरलं नाय.

बायकांनी पदर तोंडावर घेतले. कुणाची टाळी नाय. यांनी आधी मागं वळून बघितलं, दुसऱ्याच कुणाचं नाव घेतलंय असं वाटून. भागीरथीबाई तबक घेऊन आल्या तर यांनी विडा उचलला आणि तसाच हातात धरून बसले. शेवटी मामलेदार बोलले, "चला देसले, उशीर होतोय तुम्हाला." मग उठले. तुमी नाय म्हणाला नायत, हो म्हणाला नायत. नुसतं नाव घेतलंत आणि नवऱ्याचा पाहुणा केलात, आणि पाहुण्याला कुणी थांबवत नाय.

मुरबाडच्या बाजारातून गाडी गेली, एका बाजूला मी आणि दुसऱ्या बाजूला शाळेनं दिलेला नारळ. राघो विशे दुकानाच्या पायरीवर बसलेला, त्या नारळाकडं बघत राहिला. घरी पोचल्यावर हे बोलले, "तिची जीभ झडेल." आळीतल्या बायकापण मला विचारतात, झडली का? मी बोलते, मी पुढंच बसलेली, झडली नाय.

पण बाई, नाव घेतलं की नवऱ्याचं आयुष्य कमी होतं, हे तुमाला ठाऊक नाय काय? तुमचं काय जाणार हाय त्यात. कुंकू माझं. रोज सकाळी हे खोकले की माझा जीव वर येतो. तुमी तुमचं घर राखायला माझ्या कुंकवावर हात टाकलात. हे मी विसरणार नाय.

सरस्वती

•

शहापूर
ता. १५ मार्च १९३६

सरस्वतीस,

मी घरी आल्यावर आरशापुढे उभी राहिले. कपाळाचं पुसावं म्हणून बोट ओलं केलं आणि मग पुसलं नाही. का नाही, ते मला सांगता येणार नाही. नंतर दोन दिवस मी चूल पेटवली नाही. तुझ्या कुंकवावर हात टाकला म्हणतेस. लहानपणापासून तू जे ऐकलंस तेच मीही ऐकलेलं आहे, आणि ते ठाऊक असूनच मी नाव घेतलं.

दोन घरच्या आईबापांनी आपापल्या मुली शाळेतून काढून नेल्या. बाकीच्या येतात. भागीरथीबाई माझ्याशी बोलत नाहीत. मामलेदारीणबाई बोलतात, पण दबून बोलतात. एवढं होणार हे मी धरून चालले होते.

मला राग आहे. तुझ्या यजमानांचा तर आहेच, तुझाही आहे. त्या शिमग्याला तू हिरवा चुडा भरून बसलीस तेव्हा जेमतेम बारा वर्षांची असशील, तुझ्या हातात काही नव्हतं. वर्गात दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर मुलींना मी हेच समजावलं असतं. स्वतःला समजावता येत नाही. तुझं अक्षर पाहिलं की मला ती कासारीण आठवते.

परवा तुमचा गाडीवान मंगळ्या येऊन गेला. बाईंचं मन वळलं का, खोली तयार आहे, असा निरोप होता. मी फाटकातूनच त्याला परत पाठवलं. आता तूच कळव, मी येणार नाही. त्या खोलीत पुन्हा भात ठेवा. आणि मला यापुढे लिहू नकोस.

ताराबाई

•

टोकावडे
ता. २७ मार्च १९३६

थोरल्या बाईंना,

लिहू नको म्हणालात, म्हणून हे शेवटचं. मलापण तुमाला लिहायची हौस नाय.

हे बरे हायत. खोकला गेला. मी परवा गोठ्यात कुणी नाय बघून यांचं नाव घेऊन बघितलं, नुसतं ओठात. नाय आलं. म्हैस रवंथ करायची थांबून माझ्याकडं बघत राहिली. ते तुमाला जमलं, मला नाय जमायचं.

तुमचा निरोप मी सांगितला. हे बोलले, ठीक हाय, भात खाली आणा. कमळू पोतं पाठीवर घेऊन दारात आला तेव्हा मी माझी घोंगडी आत अंथरून बसलेली. हे आले. बोलले, "ऊठ, ही खोली थोरलीची हाय." मी बोलले, "थोरली येणार नाय, तिनं भर सभेत सांगितलंय. आता मी हाय." लई ओरडले. हात उगारला, तर ओट्यावर शेजारीपाजारी जमलेले. निवडणूक तोंडावर हाय. हात तसाच खाली आला. कमळू बिचारा पोतं पाठीवर घेऊन उभा, त्याला मी बोलले, ठेव ते माळ्यावर परत.

त्याला आठ दिवस झाले. मी उठले नाय.

चुना चांगला बसलाय. सकाळी झडप उघडली की ऊन थेट अंथरुणावर येतं. सून चहा इथंच आणून देते.

तेव्हा बाई, कधी म्हातारपणी तिकडं एकटं वाटलं आणि इकडं यायचं मनात आलं, तर येऊ नका. खोली रिकामी नाय.

सरस्वती